पाटणादेवीच्या दऱ्यांत जाताना

पाटणादेवीचे रान हा गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा खानदेशाकडील भाग असून चाळीसगावपासून तो सुमारे १८ किलोमीटरवर आहे. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील चाळीसगाव स्थानकावर सकाळी लवकर उतरून पुढे वाहनाने जावे. वनविभागाच्या नाक्यावर रीतसर नोंद करावी आणि जवळच्या पाटणा गावचा एखादा माहीतगार वाटाड्या सोबत घ्यावा, कारण आत गेल्यावर पायवाट कोणती आणि ढोरवाट कोणती हे नवख्याला उमगत नाही.

चंडिकादेवीचे, म्हणजेच पाटणादेवीचे, दर्शन घेऊन बहुतेक जण मागे फिरतात. वास्तविक पाहण्यासारखे अरण्य तेथून पुढे, केदारकुंड व धवलतीर्थ या धबधब्यांकडे जाणाऱ्या दऱ्यांत आहे. उतारावर काळ्या खडकावर मातीचा थर पातळ असल्यामुळे तेथे सलई, धावडा, अंजन अशी उन्हाळा सोसणारी झाडे दिसतात, तर दरीच्या तळाशी ओल टिकून राहत असल्याने उंबर व जांभूळ आढळतात. सलईपाशी थोडे थांबावे. तिची साल कागदासारखी पापुद्र्यापापुद्र्याने सुटते आणि खालचे हिरवट अंग उघडे पडते. मात्र हे पापुद्रे सोलू नयेत, खोडाला नखही लावू नये.

पावसाळ्यात दऱ्या सर्वांत देखण्या असतात आणि सर्वांत धोक्याच्याही. २०२१ च्या ऑगस्टअखेर डोंगरावर झालेल्या अतिवृष्टीने डोंगरी व तितूर नद्यांना पूर येऊन चाळीसगावात पाणी शिरले होते, हे ध्यानात ठेवावे. डोक्यावर ऊन असले तरी माथ्यावर ढग दाटले असतील किंवा ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ होऊन पालापाचोळा वाहून आणू लागले, तर क्षणभरही न रेंगाळता पात्र सोडून उंचावर जावे.

कड्यांना आग्या मोहळे असतात. अत्तर लावून येणे, धूर करणे, आरोळ्या ठोकून प्रतिध्वनी ऐकणे या तिन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. याच डोंगररांगेतील पितळखोऱ्याची बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीची असून ती पाहायची झाल्यास निराळा दिवस राखावा. रान व लेणी एकाच दिवशी उरकण्याच्या घाईत रान पाहायचे राहूनच जाते.

नवरात्रात देवीला मोठी गर्दी होते, तेव्हा रानासाठी येणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत. सूर्यास्तापूर्वी नाक्याबाहेर पडावे, कारण त्यानंतर बिबट्या व इतर जनावरे पाणवठ्यावर येतात आणि ती वेळ त्यांचीच आहे.