बी.एस्सी.चा आठवडा प्रयोगाच्या वेळेवर बांधा

तास, प्रॅक्टिकल, संशोधन प्रकल्प आणि रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना) एका आठवड्यात बसवायचं तर रिकामे तास शोधू नका. प्रयोगात हाताचं काम किती आणि नुसतं थांबणं किती, हे आधी कागदावर मांडा. थांबण्याच्या वेळेत तास आणि युवक महोत्सवाच्या तालमी बसतात.

गावच्या बोअरच्या पाण्यातले जिवाणू मोजायचे आहेत असं धरा. सोमवारी दुपारी न्यूट्रिएंट अगार, म्हणजे जिवाणू वाढवायचं घट्ट होणारं माध्यम, करा. लिटरला साधारण 28 ग्रॅम, म्हणजे 400 मिलीला 11.2 ग्रॅम. एवढ्यात 20 प्लेटा (झाकणाच्या चपट्या बशा) होतात. ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, 121 अंश सेल्सिअसवर, 15 पौंड दाबाखाली 15 मिनिटं ठेवा. नमुन्याच्या बाटल्याही त्याच फेरीत घाला. तापणं आणि निवणं धरून ही सगळी दुपार जाते.

मंगळवारी सकाळी मोटार दोन-तीन मिनिटं चालू ठेवून मगच बाटली भरा, बर्फात ठेवा आणि पहिल्या एसटीने आणा. सहा तासांच्या आत प्लेटा लावलेल्या बऱ्या, म्हणून मंगळवारची दुपार कुणालाही देऊ नका. टाकीत ब्लिचिंग पावडर पडत असेल तर बाटलीत आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट हवं. नाहीतर क्लोरीन वाटेतच जिवाणू मारतो, प्लेट कोरी निघते आणि पाणी शुद्ध असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. नमुना जसाच्या तसा, 10 पट आणि 100 पट पातळ करून, प्रत्येकी 0.1 मिली पसरा. मग इन्क्युबेटरमध्ये (तापमान स्थिर ठेवणारी पेटी) 37 अंशावर 24 तास. बुधवारी मोजायला अर्धा तास लागतो. 30 ते 300 वसाहतींचीच (जिवाणूंचे दिसणारे ठिपके) प्लेट धरा. एका मिलीचा हिशोब काढताना आकड्याला 10 ने गुणायचं बरेचजण विसरतात, कारण पसरलेलं पाणी 0.1 मिली असतं.

शनिवारी प्लेटा लावू नका. रविवारी लॅब बंद, सोमवारपर्यंत 48 तास होतात आणि वसाहती एकमेकींत मिसळतात. 17 सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा आदला दिवसही टाळा. वीज गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडू नका, गेल्या-आल्याची वेळ लिहा. फार वेळ गेली असेल तर आकडा कमी येतो. तो प्रयोग पुन्हाच करावा लागतो.

उरलेल्या प्लेटा उलट्या ठेवून, पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात. युवक महोत्सवाच्या धावपळीत हाच खरा आधार. वापरण्याआधी त्यातली एक रिकामी प्लेट रात्रभर 37 अंशावर ठेवा. तिच्यावर काही उगवलं तर सगळा गठ्ठा बाद.

रासेयोचे दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं. शिबिराच्या आठवड्यात प्रयोग अजिबात नको. जर्नल मात्र त्याच दिवशी लिहा, चिठ्ठीवरचे आकडे हमखास हरवतात. लेखी परीक्षेच्या तीन आठवडे आधी नवीन नमुने आणणं थांबवा आणि आलेल्या आकड्यांचे आलेख काढा.