सायबॉर्ग खेळण्यासारखा दिसतोय? या चुका टाळा

प्रलयानंतरचं उजाड जग प्रेक्षक पटकन मान्य करतो. कमी बजेटचा सिनेमा फसतो तो सायबॉर्गच्या, म्हणजे अर्ध्या माणसाच्या, अर्ध्या यंत्राच्या पहिल्या क्लोजअपला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे धातूचे तुकडे कातडीवर चिकटवणं. यंत्र कातडीखाली असतं, म्हणून कातडीची कड धातूपेक्षा उंच हवी. २ मिमी ईव्हीए फोमचा (रबरासारखा हलका फोम) सांगाडा गालावर बसवा. तो आधी पूर्ण काळा रंगवा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी रंग फक्त उंचवट्यांवर फिरवा. कडेने लिक्विड लॅटेक्स आणि टिश्यू पेपरचे ३-४ थर देऊन फाटलेली कातडी उभारा. प्रत्येक थर पांढरेपणा जाईपर्यंत वाळू द्या, नाहीतर घाम आला की कड सुटते. भुवयांना आणि दाढीला आधी व्हॅसलीन लावा. लॅटेक्समध्ये अमोनिया असतो, तेव्हा ते डोळ्यांपासून लांबच ठेवा. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा; कलाकाराला लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असल्याचं माहीत असेल तर तेवढंही करू नका.

लॅटेक्सऐवजी साच्यात कातडी बनवायला प्लॅटिनम सिलिकॉन (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रबर) ओतलं आणि पृष्ठभाग चिकटच राहिला, तर प्रमाण चुकलं असं समजून हार्डनर वाढवू नका. साच्याच्या मातीतलं गंधक किंवा लॅटेक्सचे हातमोजे सिलिकॉन घट्ट होऊ देत नाहीत. गंधकविरहित माती आणि नायट्राइलचे हातमोजे घ्या.

आता लाल डोळा. ९ व्होल्टच्या बॅटरीला एलईडी थेट जोडला तर तो जळतो. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. उरलेले ७ व्होल्ट भागिले २० मिलिअँपियर प्रवाह, म्हणजे ३५० ओहमचा रेझिस्टर (प्रवाह कमी करणारा सुटा भाग) मध्ये हवा. बाजारात ३९० ओहमचा सहज मिळतो. पण एवढा उजेड कॅमेऱ्यात पांढरा फुटतो आणि लाल रंगच हरवतो. त्यापेक्षा १ किलोओहम लावा, प्रवाह ७ मिलिअँपियरवर येईल. एलईडीचं टोक ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं की उजेड पसरतो. पीडब्ल्यूएम डिमर (दिवा वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करणारा) टाळा, चित्रात पट्टे सरकताना दिसतात. ट्यूबलाइटखाली शूट करताना शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

फोमचा यांत्रिक हात कितीही छान रंगवला तरी कलाकार तो कागदासारखा उडवतो आणि मारामारी खोटी पडते. मनगटापाशी अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बसवा, खांद्याची हालचाल आपोआप जड होते. जवळून फटका द्यायच्या शॉटला मात्र पिशवी काढाच.

धुळीसाठी सिमेंट उडवू नका. ते क्षारयुक्त असतं, डोळे आणि कातडी भाजते. मुलतानी माती चाळून वापरा आणि युनिटला मास्क द्या. कपडे चहाच्या पाण्यात उकळून, कॉलर-कोपरे घासून जुने करा. मारामारीआधीचा, मधला आणि नंतरचा असे तीन जोड ठेवा, नाहीतर फाटलेली बाही पुढच्या शॉटमध्ये शाबूत दिसते.

जागा पाहूनच पटकथा लिहा. कॅनन या अमेरिकन चित्रपट कंपनीने १९८९ चा ‘सायबॉर्ग’ सिनेमा रद्द झालेल्या चित्रपटांसाठी बनवलेले सेट आणि कपडे वापरूनच उभा केला होता. दगडखाण निवडलीत तर आधी क्षितिजावरचे मोबाइल टॉवर आणि विजेच्या तारा कुठून दिसत नाहीत ते शोधा. कॅमेरा तिथेच लावा.