बँकांचा पैसा कर्जात जातोय की सरकारी रोख्यांत? आकडा कसा पाहावा

सातपूर-अंबडमध्ये कारखाना असो की निफाडला द्राक्षबाग, बँका कर्ज द्यायला उत्सुक आहेत की हात आखडता घेतायत, हे शाखेतल्या साहेबांच्या बोलण्यावरून ठरवू नका. रिझर्व्ह बँक दर पंधरवड्याचे आकडे जाहीर करते, ते पाहा.

पहिलं काम सोपं आहे. रिझर्व्ह बँकेच्या साप्ताहिक सांख्यिकी पुरवणीतून अनुसूचित वाणिज्य बँकांचा (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या व्यापारी बँकांचा) तक्ता घ्या. ‘सर्व अनुसूचित बँका’ हे आकडे घेऊ नका, त्यात अनुसूचित सहकारी बँकाही मिसळलेल्या असतात.

एक्सेलमध्ये चार रकाने करा: तारीख, एकूण ठेवी, बँक कर्ज, सरकारी रोख्यांतली (म्हणजे सरकारला दिलेल्या उधारीच्या कागदांतली) गुंतवणूक. आकडे कोटी रुपयांत असतात.

आता खरी अडचण. रोख्यांचा आकडा वाढला की ‘मंदी आली’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. एसएलआरच्या (वैधानिक तरलता प्रमाणाच्या) नियमाने बँकेला आपल्या निव्वळ देण्यांच्या, म्हणजे मुख्यतः ठेवींच्या, किमान १८ टक्के रक्कम रोख, सोनं किंवा मान्य रोख्यांत ठेवावीच लागते (एप्रिल २०२० पासून हा दर आहे, १९९० च्या सुमारास तो ३८.५ टक्के होता). म्हणजे ठेवी वाढल्या की रोखे आपोआप वाढतात. त्यातून बँकेचं मन कळत नाही.

म्हणून एकूण आकडा सोडा, वाढीव गुणोत्तर काढा: वर्षभरात रोख्यांत झालेली वाढ भागिले ठेवींत झालेली वाढ. समजा ठेवी १,००० कोटींनी वाढल्या आणि रोखे २०० कोटींनी, तर बँकांनी नियमापलीकडे फारसं काही केलेलं नाही. रोखे ४५० कोटींनी वाढले असतील तर मात्र बँका स्वतःहून तिकडे वळल्या आहेत. का वळल्या, हे कर्जाच्या रकान्यात दिसतं. कर्जवाढ मंदावलेली असेल तर कर्जाला मागणी नाही किंवा बँका जोखीम टाळतायत. कर्जवाढ ठणठणीत असेल तर व्याजदर कपातीच्या अपेक्षेने खरेदी चालली असेल, कारण दर उतरले की जुन्या रोख्यांची किंमत चढते. याला मंदी म्हणणं साफ चूक. उलट कर्ज जोरात आणि रोख्यांचं प्रमाण घसरतंय, असं दिसलं तर बँकांना ठेवी कमी पडतायत. अशा वेळी मुदत ठेवीचा दर वाढण्याची शक्यता असते.

तुलना नेहमी गेल्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याशी करा. मार्चअखेर ठेवी आणि कर्ज दोन्ही फुगतात आणि एप्रिलमध्ये उतरतात, त्यामुळे मार्च-एप्रिलची तुलना फसवी. आणि इथेच सूत्र बिघडतं: पूर्वी पंधरवडा एकाआड एक शुक्रवारी संपायचा, वर्षाला २६ ओळी. २०२५ च्या कायदादुरुस्तीने तो महिन्याच्या १ ते १५ आणि १६ ते अखेर असा झाला, म्हणजे २४ ओळी. ‘२६ ओळी वर’ असं सूत्र टाकलेलं असेल तर उत्तर चुकीचं येतं आणि एक्सेल त्रुटीही दाखवत नाही. ओळी मोजू नका, वर्षापूर्वीची जवळची तारीख शोधणारं सूत्र घाला.

आणखी एक खूण शीटमध्ये लाल रंगात करून ठेवा: १ जुलै २०२३, एचडीएफसी लिमिटेड या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचं एचडीएफसी बँकेत विलीनीकरण. गृहकर्जाचा मोठा डोंगर एका दिवसात बँकांच्या हिशेबात आला. जुलै २०२४ पर्यंतची वार्षिक कर्जवाढ त्यामुळे फुगलेली आहे. विलीनीकरण वगळून दिलेले आकडे वापरा.

स्टेट बँक, आयसीआयसीआय, एचडीएफसी अशा मोठ्या बँका वेगळ्या पाहायच्या तर त्यांचा ताळेबंद उघडा: परिशिष्ट ८ गुंतवणूक, परिशिष्ट ९ कर्ज. १ एप्रिल २०२४ पासून गुंतवणुकीच्या मूल्यांकनाचे नियम बदलले, त्यामुळे त्याआधीचे आकडे सरळ जोडू नका.

नाशिक जिल्ह्याचा रोख्यांचा आकडा शोधत बसू नका, रोखे मुख्यालयाची ट्रेझरी (बँकेचा पैसा गुंतवणारा विभाग) घेते. जिल्ह्याच्या ठेवी आणि कर्ज मात्र रिझर्व्ह बँकेच्या तिमाही आकडेवारीत मिळतात. त्यात जिल्हा बँक, नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था नाहीत, म्हणून लासलगावच्या व्यापाऱ्याचं कर्ज त्यात पूर्ण दिसेल असं धरू नका.