रोटाव्हेटरला हात लावण्याआधी किल्ली खिशात

कपाशीच्या रानात रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागे जोडलेलं, फिरत्या पात्यांनी माती फोडणारं यंत्र) घातला की पऱ्हाट्या, वेल, ठिबकच्या नळीचे तुकडे पाती बसवलेल्या रोटरला गुंडाळतात. अशा वेळी इंजिन चालूच ठेवून, उचललेल्या यंत्राखाली वाकून हात घालणारे मी दर हंगामात पाहतो आणि काळजात धस्स होतं. पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा मागचा फिरता दांडा) मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. उपरण्याचं टोक पीटीओ आणि यंत्र जोडणाऱ्या शाफ्टवर टेकलं तर सोडवायला वेळच मिळत नाही.

म्हणून क्रम पक्का ठेवा: पीटीओ बंद, हँडब्रेक, इंजिन बंद, किल्ली स्वतःच्या खिशात. रोटर पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नका. यंत्र उचललेलंच ठेवायचं असेल तर फ्रेमखाली जाड लाकडी ठोकळे लावा. हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली शिरू नका. लिव्हरला कुणाचा धक्का लागला तरी ते खाली येतं. गुंता विळ्याने कापा, हाताने ओढू नका. घासलेली पाती सुरीसारखी झालेली असतात.

शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर ग्रीस मारताना आडवं येतं म्हणून बरेच जण काढून टाकतात. तसं करू नका, तुटलं असेल तर नवं बसवा.

बांधावर वळताना पीटीओ बंद करूनच यंत्र उचला, नाहीतर शाफ्टचा कोन वाढून त्याच्या सांध्यातला क्रॉस तुटतो. पात्यांचे नट-बोल्ट रोज सकाळी पान्याने तपासा. आणि हो, मडगार्डवर पोरांना बसवणं आजपासून बंद.