कांगावा ओळखावा कसा आणि सभा पुढे न्यावी कशी

गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा असो किंवा गणेशोत्सवाच्या तयारीची बैठक असो, एखाद्याच्या साध्या बोलण्यावर दुसरा सभासद एकदम उसळतो आणि बघता बघता मूळ विषय बाजूला पडून सभा त्याच्या मर्जीने चालू लागते, हा प्रकार अध्यक्षस्थानी बसणाऱ्यांना नवा नाही. अशा वेळी आवाज चढवून उपयोग होत नाही आणि घाईघाईने माफी मागूनही होत नाही.

सर्वांत आधी बोललेले वाक्य जसेच्या तसे पकडावे. समजा, एका सभासदाने म्हटले, ‘यंदा स्पीकरचा आवाज जरा कमी ठेवू या, तळमजल्यावरच्या आजींना झोप लागत नाही.’ त्यावर उत्तर आले, ‘म्हणजे आमचे सणच तुमच्या डोळ्यांत खुपतात!’ पहिल्या वाक्यात सणाविषयी चकार शब्द नव्हता. ध चा मा दुसऱ्या वाक्यात झाला. येथे अध्यक्षांनी शांतपणे विचारावे, ‘काका, त्यांचा नेमका कोणता शब्द आपल्याला लागला?’ ज्याला खरोखर लागले आहे तो शब्द सांगतो. ज्याला लागलेले नाही तो ‘शब्दाचा प्रश्न नाही, वृत्तीचा आहे’ असे म्हणून विषय आणखी फुगवतो.

त्यानंतर रागाच्या मागोमाग कोणती मागणी येते, याकडे कान द्यावा. वरच्या प्रसंगात पुढचे वाक्य बहुधा असे असते: ‘आता तर डीजेच लावायचा आणि खर्च संस्थेने करायचा.’ आजींच्या झोपेचा आणि संस्थेच्या तिजोरीचा हा बादरायण संबंध जुळवण्यासाठीच मधल्या रागाची गरज होती. डीजेची मागणी सभेच्या आधीपासून मनात होती, पण तिच्या गुणावर ती मंजूर होण्यासारखी नव्हती, म्हणून तिला दुखावलेल्या भावनेच्या खांद्यावर बसवले गेले. खुलासा केल्यावर काय होते, तेही पाहावे. ‘माझा तसा हेतू नव्हता’ हे ऐकून खरा दुखावलेला माणूस थोडा तरी निवळतो. कांगावा करणारा मात्र अधिक चिडतो, कारण खुलाशाने त्याचे भांडवलच बुडते.

तथापि, प्रत्येक तक्रारीवर कांगाव्याचा शिक्का मारणे हाही अन्यायच आहे. ‘तुमच्यात असेच चालायचे’ यासारखे, कोणाच्या आडनावावर किंवा ताटातल्या पदार्थांवर घसरणारे शेरे बोलणाऱ्याला निरुपद्रवी वाटले तरी ऐकणाऱ्याने ते आयुष्यभर ऐकलेले असतात, आणि असा माणूस सभेत बहुतेक वेळा गप्पच बसतो. त्याची दखल त्याने न मागताही घ्यावी.

मोजमाप कोणाच्या कातडीने करायचे, याचे उत्तर आपल्या न्यायालयांनी देऊन ठेवले आहे. शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या दृष्टीने तोलावा, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या दुबळ्या मनाच्या दृष्टीने नव्हे, ही कसोटी नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी स्वातंत्र्यापूर्वी घालून दिली. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकावर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने याच कसोटीचा आधार घेतला. धार्मिक भावनांविषयीचे कलम, म्हणजे पूर्वीचे २९५अ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतील २९९, हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेल्या अपमानापुरतेच आहे. नकळत निघालेल्या शब्दाला ते लागू होत नाही. त्यामुळे ‘केस टाकतो’ या धमकीने अध्यक्षांनी लगेच हबकून जाऊ नये.

माफीबाबत विशेष सावध राहावे. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत’ हे वाक्य सभ्यपणाचे वाटते, परंतु इतिवृत्तात गेल्यावर ते अपमान झाल्याची कबुली म्हणून पुढच्या प्रत्येक सभेत फडकवले जाते. शब्द चुकला असेल तर तेवढा शब्द नाव घेऊन मागे घ्यावा. चुकला नसेल तर मूळ वाक्य सचिवांनी अक्षरशः लिहून घ्यावे आणि तेथेच वाचून दाखवावे. वाचून दाखवलेल्या वाक्यावर भांडणे फार अवघड असते.

मग दोन्ही गोष्टी वेगळ्या कराव्यात. ‘आपली नाराजी नोंदवली आहे, डीजेचा खर्च हा वेगळा विषय असून तो विषयपत्रिकेवर नाही’ असे सांगून तो रीतसर लेखी मागवावा. आयत्या वेळच्या विषयांत त्याला शिरू देऊ नये, कारण तापलेल्या सभेत खर्चाचे ठराव हात वर करून सहज निघून जातात. सभा मूळ मुद्द्यावर आली की निर्णय सोपा होतो: २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे आणि राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही सवलत मध्यरात्रीपर्यंत देऊ शकते. त्यांपैकी आपल्या उत्सवातले दिवस कोणते, एवढे पाहून स्पीकर बंद करण्याची वेळ ठरावात लिहावी.