पंखा फिरतोय, पडदा काळा: चालू न होणारा कंप्युटर घरी कसा तपासावा

पाऊस लागला की माझा फोन वाजायला लागतो. "मामा, कंप्युटर चालू होईना झालाय. फॉरमॅट मारू काय?" फॉरमॅटचं नाव काढायचं नाही. जो कंप्युटर विंडोजपर्यंत पोचतच नाही, त्याला फॉरमॅट मारून काय होणार? आणि जो पोचतो, त्यातले पोरांचे फोटो आणि स्कॅन करून ठेवलेले शेतीचे उतारे नाहक जातात. नव्वद टक्के लोकांना हा सल्ला शेजारच्यानं दिलेला असतो, आणि शेजाऱ्याचं त्यात काहीच जात नाही.

आधी बटण दाबा आणि हात मागे घेऊन मिनिटभर नुसतं बघा. गाडी कुठं अडते तेवढंच बघायचंय. एकतर काहीच होत नाही, दिवा नाही की पंखा नाही. किंवा पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो. किंवा कंपनीचा लोगो येतो आणि विंडोज मध्येच लटकतं. तिन्ही दुखणी वेगळी आहेत.

काहीच होत नसेल तर एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. मॉनिटरची पॉवर केबल बहुतेक वेळा तीच असते, ती सीपीयूला, म्हणजे मुख्य खोक्याला, लावून बघा. मागे एसएमपीएसजवळचं (आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारं खोकं) बटण रेघेच्या बाजूला दाबलेलं आहे ना, तेही बघा. झाडू मारताना ते बंद होतं. तरी नाही? केबल काढा, पुढचं बटण तीस सेकंद दाबून धरा, केबल परत लावा. यावरही ढिम्म असेल तर एसएमपीएसचा संशय धरून कुणाचा तरी चालू एसएमपीएस लावून बघायचा. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवणारे व्हिडिओ बघून तसलं काही करू नका. पंखा फिरला म्हणजे तो एसएमपीएस लोड घेईलच असं नाही. आणि त्याचं खोकं तर उघडायचंच नाही. आत ३०० व्होल्टच्या वर करंट साठून राहतो, केबल काढल्यावरही काही वेळ.

आता खरं दुखणं. पंखा फिरतो, पडदा काळा.

मॉनिटरची केबल नीट आहे, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावली आहे, मदरबोर्डच्या (आतल्या मुख्य बोर्डाच्या) पोर्टला नाही, एवढं बघून घ्या. मग सरळ रॅमकडे, म्हणजे मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये खोचलेल्या मेमरीच्या लांबट पातळ पट्टीकडे, वळा. बेळगावकडच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंतींनासुद्धा ओल येते. रॅमच्या सोनेरी पट्ट्या आणि स्लॉट यांच्यामध्ये मळ धरायला तेवढं पुरतं. अथणीकडे ओल नाही, तिकडे धूळ. निपाणीत तंबाखूच्या वखारीला लागून असलेल्या घरात मी एकदा कॅबिनेट उघडलं आणि पुढचा अर्धा तास नुसता शिंकत होतो.

पॉवर केबल काढा. कॅबिनेट आडवं झोपवा, उभं ठेवून रॅमला हात लावायचा नाही. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला एकदा हात लावा, म्हणजे अंगातला स्टॅटिक करंट तिथं जातो. स्लॉटच्या टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलून रॅम काढा आणि पोरांचं पांढरं मऊ खोडरबर घेऊन सोनेरी पट्ट्या दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं पुसा. पेनाची शाई खोडायचं निळं, खरखरीत रबर नको, ते सोनं खरवडतं. पॉलिश पेपर तर अजिबात नको. हे सुचवणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. रबराचा चुरा बोर्डापासून लांब झाडा, सुक्या सुती फडक्यानं पट्ट्या पुसा. स्लॉटमध्ये तोंडानं फुंकर मारायची नाही. थुंकी जाते.

हे सगळ्यांना येतं. फसतं ते पुढं, बसवताना.

माझंही तिथंच फसलं होतं. शहापुरात दाजींचं डीटीपीचं काम होतं. ऐन लग्नसराई, मराठी आणि कानडी दोन्ही मजकुरांच्या पत्रिका अडकलेल्या, आणि पडदा काळा. मी रॅम पुसला, बसवला, काही नाही. परत पुसला, जास्त घासला. चौथ्या खेपेला घाम पुसत जाहीर केलं, मदरबोर्ड गेला. दाजी सीपीयू काखेत मारून दुकानात. तिथल्या पोरानं झाकण काढलं, दोन्ही अंगठे रॅमवर ठेवून दाबलं. टक्. चालू. पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं, "रॅम कुणी बसवला होता ओ?" दाजी काही बोलले नाहीत. त्या दिवशी मीही नाही.

तर बसवायचा असा. रॅमच्या खालच्या कडेला एक खाच असते, ती बरोबर मध्यावर नसते. स्लॉटमधल्या आडव्या दांडीशी ती जुळवा. जुळत नसेल तर रॅम उलटा धरलाय. जोर लावलात तर स्लॉट फुटतो आणि मग खरंच मदरबोर्ड जातो. जुळल्यावर दोन्ही टोकांवर एकेक अंगठा ठेवून सरळ खाली दाबा. बोर्ड किंचित वाकल्यासारखा वाटतो, तिथंच हात कचरतो, आणि तिथंच रॅम अर्धा बसतो. खिटी आपोआप आत येऊन टक् वाजली पाहिजे. बोटानं खिटी ओढून लावली तर ते बसणं नव्हे. काही बोर्डांत एकाच बाजूला खिटी हलते, म्हणून आवाजाच्या भरवशावर न राहता डोळा खाली नेऊन बाजूनं बघा: सोनेरी पट्टीची दिसणारी रेघ एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक दिसली की रॅम तिरका बसलाय.

दोन रॅम असतील तर एकच लावून बघा, मग दुसरा, मग स्लॉट बदलून. कुठला रॅम कुठल्या स्लॉटात चालला ते कागदावर लिहा, नाहीतर गोंधळ होतोच. रॅम बदलल्यावर पहिल्या वेळी पडदा यायला उशीर लागू शकतो, नव्या डीडीआर ५ वाल्या कंप्युटरला तर काही मिनिटंसुद्धा. लगेच बंद करू नका.

अजून काळाच असेल तर पॉवर केबल काढून मदरबोर्डवरचा गोल सेल काढा, पाच मिनिटांनी परत लावा. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात मिळतो. आधीपासून तारीख-वेळ मागे पडत असेल तर नवाच टाका. पण एक सापळा आहे. सेल काढला की बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममधल्या, सेटिंग मूळ पदावर जातात. जुन्या कंप्युटरात हार्डडिस्कचा साटा मोड (मदरबोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलतो ते) एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर जाऊ शकतो, मग लोगो येतो, विंडोज सुरू होतंय असं वाटतं आणि निळा पडदा. इथं हमखास कुणीतरी फॉरमॅट मारतो. चालू होतानाच डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जा, साटा मोड परत एएचसीआय करा, सेव्ह करा. त्यानं नाही सुटलं तर होतं तसं करून ठेवा.

राहिलं तिसरं. लोगो येऊन विंडोज लटकत असेल तर सुरू होतानाच बटण दाबून धरून दोनतीनदा बंद करा, पुढच्या वेळी विंडोज १० किंवा ११ स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. तिथं स्टार्टअप रिपेअर, नाही जमलं तर शेवटचा अपडेट काढणं, मग सेफ मोड. ४८ आकडी बिटलॉकर की (विंडोजनं डिस्कला लावलेल्या कुलपाची किल्ली) मागितली तर मोबाईलवरून तुमचं मायक्रोसॉफ्ट खातं उघडा, बहुतेकदा तिथं सापडते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका. बंद करा, आणि आधी डेटा काढून देणारा माणूस शोधा.

चालू झाला की पावसाळाभर रोज अर्धा तास तरी चालवा, काम नसलं तरी. आतल्या उबेनं ओल मरते. आणि झालर लावलेलं ते प्लास्टिकचं कव्हर काढून टाका, त्यात ओल कोंडते. झाकायचंच असेल तर जुन्या सुती साडीचा तुकडा घाला, तोही कंप्युटर गार झाल्यावर.