वैशाखातले पाणी आधी मोजा, मग बहार धरा : मराठवाड्यातील मोसंबी-लिंबासाठी वर्षभराचा सल्ला

मोसंबीच्या बागेतला सगळ्यात महागात पडणारा निर्णय दिवाळीनंतर होतो. विहीर काठोकाठ असते, जमिनीत ओल असते, झाड हिरवेगार दिसते. त्या भरवशावर सगळ्या बागेचा आंबिया बहार (हिवाळ्यात पाणी तोडून आणलेले फूल, ज्याचे फळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरते) धरला जातो आणि एप्रिल उजाडताच विहीर तळ दाखवते. जालना, अंबड, घनसावंगी, पैठण, गेवराई या पट्ट्यात २०१२-१३ च्या दुष्काळात पंधरा-पंधरा वर्षांच्या बागा वाळल्या. एवढे झाड परत उभे करायला दहा वर्षे लागतात. म्हणून खत, फवारणी, भाव हे सगळे नंतर. आधी पाण्याचा हिशोब.

तो घरबसल्या करता येतो. विहीर २० फूट रुंदीची गोल असेल तर एक फूट पाणी म्हणजे जवळपास ९ हजार लिटर. ६ बाय ६ मीटरवर लावलेल्या एका एकरात ११० झाडे बसतात. आठ-दहा वर्षांच्या फळावरच्या झाडाला एप्रिल-मे महिन्यात ठिबकने दिवसाला साधारण १२० लिटर लागते, भर उन्हात दीडशेपर्यंतही जाते. १२० धरले तरी एकराला रोज १३ हजार लिटर झाले, म्हणजे विहिरीचे दीड फूट पाणी. आता डिसेंबरात एकदा मोटर चालवून पाणी खाली घ्या, काठावर खूण करा आणि रात्रीतून झरा किती फूट चढतो ते बघा. डिसेंबरात झरा रात्रीतून तीन फूट देत असेल तर मेमध्ये त्याच्या निम्मा तरी देईल का, हे मागच्या दोन उन्हाळ्यांवरून घरातल्या जाणत्या माणसाला बरोबर सांगता येते. त्याला विचारा.

शेततळे असेल तर हिशोब आणखी सोपा. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर मावते. मार्च ते मे या ९० दिवसांत एक एकर मोसंबीला १२ लाख लिटर लागते. मात्र उन्हाळ्यात उघड्या तळ्यातून रोज सेंटिमीटरभर पाणी वाफ होऊन जाते, तीन महिन्यांत जवळपास एक मीटर. ते वजा करून बसवा. हिशोब अर्ध्याच बागेचा निघाला तर अर्ध्याच बागेचा बहार धरा. उरलेल्या झाडांवर जी तुरळक फळे लागतील ती लिंबाएवढी होण्याच्या आत उतरवून टाका. हात धजत नाही, पण फळ आणि झाड दोन्ही पोसायला पाणी नसेल तर आधी झाड वाचवायचे असते.

वैशाखात पाणी टिकत नाही अशा वावरात मृग बहाराचा विचार करा. त्यात ताण, म्हणजे फूल यावे म्हणून काही दिवस पाणी बंद ठेवणे, एप्रिल-मेमध्येच बसतो, फूल जून-जुलैच्या पावसावर येते आणि फळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उतरते. धोका इतकाच की मृग कोरडा गेला किंवा मे महिन्यात अवकाळी पावसाने ताण मोडला, तर फूल धड निघत नाही. एकाच झाडावर दोन्ही बहार मात्र घेऊ नका. झाड दोन-तीन वर्षांत खंगते, शेंडे वाळू लागतात आणि सल (वाळलेल्या काड्या) वाढते.

ताण कसा द्यावा, कधी तोडावा

आंबियासाठी डिसेंबरच्या सुरुवातीला पाणी बंद करा. हलक्या-मध्यम जमिनीत ३० ते ४५ दिवस, भारी काळ्या रानात ४५ ते ६० दिवस लागतात. पाच वर्षांच्या आतल्या झाडाला ताण देऊ नये. आधीची फळे उतरलेली असावीत. झाडावर फळ ठेवून दिलेला ताण फुकट जातो.

ताण बसला की नाही हे पानावरून ओळखा, कॅलेंडरवरून नाही. सुरुवातीला पान दुपारी वळते आणि संध्याकाळी पुन्हा मोकळे होते. हा ताण अजून कच्चा आहे. पुढे भल्या सकाळीसुद्धा पान मलूल, फिकट आणि हाताला मऊ लागते, आणि झाडाखाली पानांचा सडा पडतो. चौथाई पाने गळली की ताण पुरला. याच्या पुढे ओढू नका, काड्या वाळायला लागतील. भारी जमिनीत ओल हटत नसेल तर क्लोरमेक्वॅट क्लोराईड (झाडाची वाढ रोखणारे औषध) ५० टक्के, २ मिली प्रति लिटर पाण्यात मिसळून एक फवारणी करावी. पाणी बंद न करता नुसत्या फवारणीवर ताण बसवण्याचा प्रयत्न करू नये.

ताणाच्या दिवसांत बाग हलकी वखरून घ्या. नांगर किंवा रोटाव्हेटर खोल घालू नका. मोसंबीची अन्न घेणारी मुळे वरच्या फूटभरातच असतात आणि तुटलेल्या मुळातून बुरशी आत शिरते. वाळलेली सल हिरव्या भागापर्यंत छाटा, जोमाने सरळ वर गेलेले पाणसोट बुडातून काढा, खुंटावर कलमाच्या खाली फुटलेले धुमारे मोडून टाका. ते धुमारे खुंटाच्या जंभेरी किंवा रंगपूर लिंबाचे असतात, त्यांना मोसंबी लागत नाही.

जानेवारीच्या मध्यावर ताण तोडताना मोठ्या झाडाला ५० किलो कुजलेले शेणखत, ८७० ग्रॅम युरिया, अडीच किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ६७० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश द्या. खत बुंध्याजवळ ओतू नका. दुपारी बाराच्या सावलीची कड जिथे पडते, तिथे वीतभर रुंद चर घेऊन मातीत मिसळा. उरलेला ८७० ग्रॅम युरिया दीड महिन्याने, फळ वाटाण्याएवढे झाल्यावर.

पहिले पाणी हलके द्यायचे. त्याला आंबवणी म्हणतात, जमीन नुसती ओली व्हावी इतकेच. तीन-चार दिवसांनी दुसरे, चिंबवणीचे, त्याहून थोडे जास्त. त्यानंतर आठवड्याने पुरते पाणी. इथे घाई झाली की चूक होते. उपाशी झाडाला पहिल्याच दिवशी आळे भरून पाणी दिले तर फुलाऐवजी नुसती पालवी फुटते, आणि त्या वर्षाचा बहार तिथेच गेला. नीट तोडलेल्या ताणावर तीन आठवड्यांत फूल दिसते. फूल उमलले असताना कीटकनाशक फवारू नका, बागेत मधमाश्या असतात.

फूल निघण्याआधीच्या कोवळ्या पालवीवर सिट्रस सायला आणि नागअळी येते. पालवीची टोके वाकडी होऊन त्यावर पांढरी मेणचट तंतूसारखी विष्ठा दिसली की तो सायला. हीच कीड ग्रीनिंग रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. ५ टक्के निंबोळी अर्क, किंवा प्रादुर्भाव जास्त असल्यास इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, ५ मिली प्रति १० लिटर. इथली आणि पुढची प्रमाणे जिथे १० लिटरची आहेत, तिथे पंप १५ लिटरचा असेल तर दीडपट करा. टाकी बदलली आणि माप तेच राहिले, असे बऱ्याच वेळा होते.

मराठवाड्यातल्या चुनखडीच्या रानात आणखी एक लक्षण हमखास दिसते. नवे पान पिवळे, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह आणि जस्त जमिनीत असूनही चुन्यामुळे झाडाला उचलता येत नाही, म्हणून खताची आणखी एक गोणी टाकून उपयोग नसतो. झिंक सल्फेट ५० ग्रॅम आणि फेरस सल्फेट ५० ग्रॅम १० लिटर पाण्यात, त्यात २५ ग्रॅम विरी गेलेला चुना गाळून टाकून नव्या पालवीवर फवारा. चुना नसेल तर कोवळे पान करपते.

उन्हाळा

फेब्रुवारी संपायच्या आत आच्छादन पडले पाहिजे. सोयाबीनचे भुसकट, उसाचे पाचट, गव्हाचे काड, जे घरचे असेल ते तीन-चार इंच जाड पसरा. बुंध्यापासून अर्धा फूट मोकळे ठेवा, नाहीतर साल कुजते आणि उधईला वाट मिळते. ठिबकच्या नळ्या फांद्यांच्या कडेपर्यंत सरकवलेल्या आहेत का ते बघा. लागवडीच्या वर्षी बुंध्याशी टाकलेले दोन ड्रिपर दहाव्या वर्षीही तिथेच असलेल्या कितीतरी बागा आहेत. मोठ्या झाडाला सहा ड्रिपर, बुंध्यापासून तीन-चार फूट लांब, गोलाकार.

पाणी खरेच आटले तर क्रम असा ठेवा. पहिल्यांदा फळे विरळ करा. मग एका दिवशी झाडाच्या एका बाजूला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला पाणी द्या. मग केओलिन (पांढऱ्या चिनी मातीची पूड) ८०० ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून पानांवर फवारा. पान पांढुरके दिसते, त्याने ऊन परावर्तित होते आणि पानातून उडणारे पाणी कमी होते. तरीही भागले नाही तर शेवटी फळे सगळी उतरवून फांद्या हलक्या छाटाव्यात.

पावसाळा : पाणी काढून देण्याचे दिवस

जी बाग उन्हाळ्यात तगली ती सप्टेंबरात पाणी साचून जाते, हे दरवर्षीचे आहे. २०२५ च्या सप्टेंबरात गोदाकाठच्या रानांत दिवसेंदिवस पाणी उभे होते. मुळांना हवा मिळत नाही, फायटोफ्थोरा बुरशी वाढते, बुंध्यातून डिंक वाहू लागतो. हाच डिंक्या. जूनच्या आधी दर दोन ओळींआड उताराच्या दिशेने फूटभर खोल चर काढून बांधाबाहेर तोंड द्या. आळ्यात पाणी देत असाल तर दुहेरी आळे करा, म्हणजे पाणी बुंध्याला टेकत नाही.

मे अखेर आणि ऑक्टोबर, असे वर्षातून दोनदा बुंध्याला जमिनीपासून एक मीटरपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात रात्रभर भिजू द्या. दुसऱ्या बादलीत १ किलो कळीचा चुना ५ लिटर पाण्यात विरवा, गार झाल्यावर गाळून घ्या. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत लाकडी काठीने ढवळा. रंग आभाळासारखा निळा यायला हवा. आता घासून चकचकीत केलेल्या विळ्याचे पाते मिनिटभर त्यात धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे राहिले आहे आणि ते साल जाळेल. आणखी चुन्याची निवळी घाला आणि पाते स्वच्छ निघेपर्यंत तपासा. लोखंडी किंवा तांब्या-पितळेच्या भांड्यात पेस्ट करू नका. केलेली त्याच दिवशी संपवा, शिळी चिकटत नाही. डिंक आधीच वाहत असेल तर रोगट साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडा, खरवडलेले गोळा करून जाळा, मग पेस्ट लावा. अशा झाडाच्या मुळाशी मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब संयुक्त बुरशीनाशक २५ ग्रॅम प्रति १० लिटर प्रमाणात ओता.

ऑगस्ट-सप्टेंबरमधली फळगळ सगळ्यांना एकसारखीच दिसते, पण कारणे चार असतात आणि औषध कारणाप्रमाणे बदलते. गळालेले फळ हातात घ्या. त्यावर टाचणीएवढे भोक, भोवती गोल मऊ डाग आणि दाबल्यावर रस बाहेर आला, तर रस शोषणारा पतंग. कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या दिसल्या तर फळमाशी. देठाशी काळे पडून सड असेल तर बुरशी. यातले काहीच नाही आणि देठ स्वच्छ सुटलेला आहे, तर पाणी साचणे किंवा अन्नाची उपासमार.

शेवटच्या प्रकारासाठी जिबरेलिक ॲसिड (वाढीचे संजीवक) दीड ग्रॅम आणि युरिया १ किलो, १०० लिटर पाण्यात, १५ दिवसांच्या अंतराने दोन वेळा. जिबरेलिक ॲसिडची पूड पाण्यात विरघळत नाही. आधी ३०-४० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवा, मग टाकीत घाला. काही जण याच कामी २,४-डी हे तणनाशक म्हणूनही चालणारे संजीवक वापरतात. शेजारी कपाशी असेल तर ते आणूच नका. वाऱ्याने उडालेल्या तुषारांनीसुद्धा कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी चिरटतात, आणि तोच पंप पुढे कपाशीवर गेला तर नुकसान आपलेच.

पतंगाच्या अळ्या बागेत नसतात, बांधावरच्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. म्हणून त्या वेली पावसाळ्याच्या तोंडाला काढा. संध्याकाळी सात ते दहा ओल्या-सुक्या काडीकचऱ्याचा धूर बागेत राहिला तर पतंग फिरकत नाही. फळमाशीसाठी मिथिल युजेनॉलचे (नर माशीला ओढणाऱ्या वासाचे) सापळे एकरी दहा. गळालेली फळे दर दोन दिवसांनी वेचून दोन फूट खड्ड्यात पुरा. बांधावर ढीग घातला तर माशी तिथूनच परत येते.

काढणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. फळ ओढून तोडू नका, देठाजवळ कात्रीने कापा. पाचोड किंवा जालन्याच्या बाजारात नेणार असाल तर आकाराप्रमाणे घरीच निवड करा. बाग उक्ती देणार असाल तर तोडणीची शेवटची तारीख आधी ठरवून लिहून घ्या, कारण फळे डिसेंबर अखेरपर्यंत अंगावर राहिली की पुढचा ताण लांबतो.

विहिरीकाठची लिंबे

मोसंबीच्या जोडीला पाच-दहा कागदी लिंबाची झाडे असावीतच. परभणीच्या कृषी विद्यापीठाने निवडलेले विक्रम आणि प्रमालिनी हे वाण घोसाने लागतात, आणि थोडेफार फळ वर्षभर देतात. लिंबाला खरा पैसा एप्रिल-मेमध्ये मिळतो, त्यासाठी हस्त बहार (पावसाळ्याच्या शेवटी येणारे फूल) हवा. अडचण अशी की ताण द्यायच्या दिवसांत नेमका पाऊस असतो. त्यावर जूनमध्ये जिबरेलिक ॲसिड ५ ग्रॅम प्रति १०० लिटर, सप्टेंबरात क्लोरमेक्वॅट क्लोराईड ५० टक्के २ मिली प्रति लिटर आणि ऑक्टोबरात पोटॅशियम नायट्रेट १ टक्का, अशा तीन फवारण्या करतात. जूनची फवारणी मृगाचे फूल कमी करते आणि झाडाची ताकद हस्तासाठी राखते. एखादी चुकली तर उरलेल्या दोन एकट्या काम करत नाहीत.

पान आणि फळावर खरबरीत तपकिरी फोड म्हणजे खैऱ्या. पावसाळ्याआधी रोगट फांद्या छाटून जाळा आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड ३० ग्रॅम प्रति १० लिटर, पावसाळाभर महिन्याच्या अंतराने फवारा. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटच्या फडक्याने पुसून मगच पुढच्या झाडाला लावा.